सुपरवायझरांना पॉडकास्ट ऐकवून पुढारपण येतं का? वाळूज, शेंद्रा, जालना, लातूरवाल्यांनी सांगावं

शिफ्ट_इन्चार्ज (सोमवार, रात्री ९.१२)

राम राम मंडळी. संभाजीनगरजवळ वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनिंगचं बघतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात.

आमच्या हेड ऑफिसनं ठरवलंय की यंदा लाइन लीडर आणि सुपरवायझरांना हॉटेलातलं दोन दिवसांचं ट्रेनिंग द्यायचं नाही. त्याऐवजी दर आठवड्याला एक पॉडकास्ट ऐकायचा आणि शुक्रवारी अर्धा तास गटानं बसून त्यावर बोलायचं. हॉटेलातलं ट्रेनिंग गेल्याचं मला दुःख नाही. पनीर चांगलं असायचं, बाकी डोक्यात काही उरायचं नाही. पण या नव्या प्रकारात मला अडचणी दिसायल्यात.

यादीत आलेले सगळे एपिसोड इंग्रजी, तासातासाचे. बोलणारे सगळे मोठमोठ्या कंपन्यांचे मालक. 'मी पहाटे साडेचारला उठतो' हे त्यांचं यशाचं गुपित. अहो, आमची फर्स्ट शिफ्टची बस सिडकोतून साडेपाचला निघते. आमच्याकडचा हेल्परसुद्धा साडेचारला उठतो, त्याची मुलाखत कुणी घेत नाही.

आमचे सुपरवायझर बहुतेक आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून ऑपरेटरपासून वर आलेले. आवाजावरून मशीनचा आजार सांगतात. पण कालपर्यंत ज्याच्यासोबत डबा खाल्ला त्याला आज 'तुझं रिजेक्शन वाढलंय' म्हणायचं तर जीभ अडते. मग एक तर बोलतच नाहीत, नाहीतर एकदम शिवीवर येतात. खरी गरज इथं आहे.

आणि चर्चा! प्लांट हेड बसले की सगळे 'हो सर'. ते उठून गेले की क्रिकेट.

कुणी करून पाहिलंय का? काय ऐकवलं, चर्चा कुणी चालवली, फरक पडला का?

ज्वारीची_भाकर (सोमवार, रात्री ९.३०)

पनीरचा अपमान खपवून घेतला जाणार नाही.

निवृत्त_फोरमन (सोमवार, रात्री १०.०५)

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हे सगळं पोकळ आहे. चिकलठाण्यात माझी नोकरी गेली. आमचे वस्ताद होते, त्यांनी कधी भाषण दिलं नाही. मशीन बंद पडलं की आधी ऑपरेटरला विचारायचे, 'तुला काय वाटायलंय रे?' आणि त्याचं ऐकून मगच पाना हातात घ्यायचे. बघत बघत आम्ही घडलो. माणसं सांभाळणं कानात बोंडं घालून येत नसतं. उद्या एखाद्याला फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आला नाही तर जबाबदार कोण?

शिफ्ट_इन्चार्ज (सोमवार, रात्री १०.२१)

काका, शॉपफ्लोअरवर मोबाइलच नेऊ देत नाहीत, बोंडं तर लांबच. ऐकायचं ते बसमध्ये नाहीतर घरी. आणि वस्तादांचं म्हणाल तर पटतं, पण आता वस्ताद आणि चेला एका जागी टिकतात कुठं? कॉन्ट्रॅक्टवरचं पोरगं सणाला गावी जातं ते दुसऱ्याच गेटवर दिसतं. बघून शिकायला दोघंही जागेवर तर पाहिजेत.

हौ_मियाँ (सोमवार, रात्री १०.४०)

हौ, बसमध्ये ऐका म्हणे. आमच्या बसमध्ये ड्रायव्हरभाई ज्या गाण्यावर बोट ठेवतील तीच लीडरशिप. मागच्या सीटवरून 'आवाज कमी' म्हणणाऱ्याला ओअॅसिस चौकात उतरवायची धमकी मिळते.

कामगार_चौक (मंगळवार, सकाळी ७.१०)

एक सरळ प्रश्न. ऐकायचा वेळ कुणाचा? बसमधला आणि घरचा वेळ कामगाराचा आहे. 'स्वतःच्या विकासासाठी' असं गोड नाव देऊन कंपनी तोही घेणार, आणि शुक्रवारची चर्चा शिफ्ट सुटल्यावर ठेवणार. कामासाठी सक्तीनं थांबवलं तर तो ओव्हरटाइम आहे आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. हे आधी लिहून घ्या, मग पॉडकास्ट निवडा.

शिफ्ट_इन्चार्ज (मंगळवार, सकाळी ७.४५)

मुद्दा मान्य. चर्चा शिफ्टमध्येच बसवायची असं मीही म्हणतोय, पण प्रॉडक्शनवाले अर्धा तास द्यायला तयार नाहीत. 'महिन्यातून एकदा घ्या' म्हणतात.

शेंद्र्याची_ताई (मंगळवार, दुपारी १.५०)

मी शेंद्र्याला वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुड्यांच्या) लाइनवर सुपरवायझर आहे. आमच्या लाइनवर जवळपास सगळ्या बायका. आमच्याकडं हा प्रयोग झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात इंग्रजी पॉडकास्टनीच झाली आणि लगेच बसली. मग एचआरनं एका एपिसोडचा मराठी सारांश वाचून रेकॉर्ड केला. तोही नाही चालला, कारण आवाज बातम्या वाचल्यासारखा. शेवटी आमच्यातल्याच एका सीनियर ताईंनी फोनवर बोलून एक प्रसंग सांगितला. नवीन मुलीनं क्रिंपिंग (वायरीच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं) चुकीचं केलंय हे त्यांना दिसलं होतं. पण ती मुलगी आदल्याच दिवशी रडली होती, म्हणून त्या बोलल्या नाहीत, आणि पुढं तो लॉट ग्राहकाकडून परत आला. आठ-नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग. ते सगळ्यांनी ऐकलं. भाकरी थापताना, भांडी घासताना ऐकलं. कुणाच्या सासूनं पण ऐकलं आणि वर 'बोलायला पाहिजे होतं' असा निकाल दिला.

चर्चेचं म्हणाल तर शिफ्ट सुटल्यावर बायका एक मिनिट थांबू शकत नाहीत. बस गेली की घरी रिक्षाचे पैसे कोण देणार, आणि शाळेतून पोरगं आणायचं असतं. कामगार_चौक दादा म्हणतात ते पुरुषांसाठी पैशाचं असेल, आमच्यासाठी ते येता येणार की नाही याचं आहे. आमची चर्चा जेवणाच्या सुट्टीला जोडून शिफ्टमध्येच ठेवली, तेव्हाच सगळ्या बसल्या.

लातूरचा_पण_हिंजवडीत (मंगळवार, दुपारी ३.०५)

तासाभराचा एपिसोड असला तर दीडपट वेगानं ऐकायचा, साधी गोष्ट आहे. नाहीतर एआयला द्यायचा, तो मराठीत दहा ओळींचा सारांश काढून देतो. आमच्या टीममध्ये कुणी पूर्ण ऐकतच नाही. सारांश वाचतो आणि चर्चेला बसतो. वेळ वाचतो.

ज्वारीची_भाकर (मंगळवार, दुपारी ३.२०)

मग चर्चापण एआयलाच करू द्या की. तुम्ही हुरड्याला या.

तेरणाकाठ (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

साखर कारखान्यात आहे, धाराशिव जिल्ह्यात. हिंजवडीकरांना माझं नम्र सांगणं. दहा ओळींच्या सारांशात 'टीमचं ऐकून घ्या' एवढंच उरतं. ते आम्हाला आधीपासून माहीत आहे. ऐकून घेतलं नाही म्हणून नेमकं काय झालं, तो माणूस कसा गप्प झाला, साहेबाला कधी कळलं, हे सगळं गाळलं की गोष्ट गेली आणि उपदेश राहिला. उपदेशावर काय चर्चा करणार?

आमची अडचण वेगळी आहे. गव्हाण (गाळपासाठी ऊस टाकायची जागा) सुरू झाली की मार्चपर्यंत कुणाला मान वर करायला वेळ नसतो. ज्या महिन्यांत माणसं एकमेकांवर ओरडतात त्याच महिन्यांत बसून बोलायला वेळ नाही, आणि ऑफसीझनला बोलायला बसावं तर कुणाला काही आठवत नाही. बॉयलरवाले आणि शेतकी खातं यांचं भांडण दरवर्षी तेच. ऊस वेळेवर आला नाही म्हणून गाळप थांबलं की गाळप थांबलं म्हणून गाड्या तुंबल्या! दोघं एका खोलीत बसून कधी बोललेच नाहीत.

परभणीकर_रेडिओप्रेमी (मंगळवार, रात्री ९.४०)

धागा वाचून राहवलं नाही. मंडळी, ऐकायचं आणि मग गटानं बोलायचं हे नवीन नाही, आणि महाराष्ट्रात ते फार नीट तपासून झालेलं आहे.

१९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं 'शेतकरी रेडिओ मंडळां'चा प्रयोग केला. दीडशेच्या आसपास गावं. प्रत्येक गावात वीसेक माणसांचा गट, त्यातलाच एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि गटानं बोलायचं. गटाचे प्रश्न लिहून केंद्राला जायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची.

तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. त्यांनी तुलनेला दुसरी गावंही घेतली. काही गावांत रेडिओ होता पण गट नव्हता, काहींत रेडिओही नव्हता. निष्कर्ष असा की गट असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच कमी. त्याच मूळ कल्पनेचा कॅनडातला अवतार १९४१ ते १९६५ चालला, आणि त्यांचं घोषवाक्य होतं 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा'.

आपल्या मराठवाड्यातलं एकही गाव त्या प्रयोगात नव्हतं, कारण आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. मुंबई राज्यात आलो त्याच वर्षी, पण नोव्हेंबरात. म्हणजे तिथंही अनुशेष. :)

शिफ्ट_इन्चार्ज, तुमच्या हेड ऑफिसनं यातला अर्धाच भाग उचललाय असं दिसतं. गटाकडून केंद्राकडं प्रश्न जाणं आणि उत्तर परत येणं हा त्यातला जीव होता. तुमच्या शुक्रवारच्या गटाचा प्रश्न प्लांट हेडकडं जाणार आहे का? आणि उत्तर येणार आहे का? येणार नसेल तर चौथ्या शुक्रवारी क्रिकेटच सुरू होईल, आणि चूक क्रिकेटची नसेल.

हौ_मियाँ (मंगळवार, रात्री ९.५५)

पॉडकास्टच्या धाग्यावर पण अनुशेष निघाला. सलाम.

निवृत्त_फोरमन (मंगळवार, रात्री १०.३०)

रेडिओप्रेमी, हे वाचून बरं वाटलं, माहीत नव्हतं. पण एक बघा. त्या शेतकऱ्यांना बियाणं, खत, रोग याची माहिती पाहिजे होती. माहिती कानातून जाते, मान्य. सुपरवायझरला माहिती कमी नाही, धीर कमी आहे. धीर रेडिओनं येतो का?

वॉर्ड_सिस्टर (बुधवार, सकाळी ९.१५)

नाईट करून आलेय, तरी लिहिते. नांदेडला एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर आहे. फोरमन काका, धीर रेडिओनं येत नाही, पण बोलायला साचा दिला तर येतो.

आमच्यात हँडओव्हरची एक पद्धत आहे, एसबीएआर म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून ती दवाखान्यांत आली. डॉक्टरांना फोन केला की चार गोष्टी, त्याच क्रमानं. आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, काय करायला हवं. नवीन सिस्टर पहिल्या दोन सांगते आणि गप्प होते. तिसरीवर अडते. 'मला वाटतं पेशंट बिघडतोय' हे रात्री तीन वाजता झोपेतून उठवलेल्या डॉक्टरला म्हणायला छाती लागते. पण कागदावर तिसरी ओळ रिकामी दिसत असते, ती भरावीच लागते. भरता भरता सवय होते.

मी स्वतः दोन-तीन खरे प्रसंग, पेशंटचं नाव-गाव काढून, फोनवर रेकॉर्ड करून नवीन मुलींना पाठवले. त्या ऐकून येतात आणि चहाच्या वेळी मी एवढंच विचारते, 'तिसऱ्या ओळीत तू काय म्हणाली असतीस?' प्रत्येकीनं आपलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं, विचार सांगायचा नाही, वाक्य म्हणायचं. शिफ्ट_इन्चार्ज भाऊ, तुमच्या सुपरवायझरांनासुद्धा 'तुझं रिजेक्शन वाढलंय' हे वाक्य एकमेकांसमोर म्हणायला लावा. पहिल्यांदा सगळे हसतील. हसू द्या.

फिटर_ते_मॅनेजर (बुधवार, दुपारी १२.४०)

सिस्टर, लाखातलं बोललात. त्याला जोडूनच.

जालन्यात स्टीलमध्ये आहे. रोलिंग मिलमध्ये माणसाला लीडरशिप हा शब्द ऐकवला की तो पाणी प्यायला जातो. पण अपघाताची गोष्ट सांगा, भट्टीजवळच उभा राहून ऐकतो. म्हणून मी लीडरशिपचे पॉडकास्ट टाकून दिले आणि विमान अपघातांच्या तपासावरचे ऐकायला लागलो. इंग्रजीतच आहेत, मी ऐकतो आणि आमच्या पोरांना मराठीत सांगतो.

सगळ्यात जास्त रंगलेली गोष्ट तेनेरिफची. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरचा छोटा विमानतळ, दाट धुकं, दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर. एक डच केएलएमचं, एक अमेरिकेचं पॅन अ‍ॅमचं. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला एकदम ज्येष्ठ माणूस, इतरांना शिकवणारा. उशीर झालेला, घाई. त्यानं उड्डाणाला वेग घेतला. त्याच्या मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं वायरलेसवरचं बोलणं ऐकून विचारलं, ते दुसरं विमान अजून पट्टीवरून बाजूला झालं नाही का?

इथं मी थांबतो. पुढं सांगत नाही. विचारतो, 'आता तुम्ही इंजिनिअरच्या जागी आहात. साहेब म्हणाला, झालंय बाजूला. तुम्ही काय करणार?'

पहिल्यांदा असा थांबलो तेव्हा एक क्रेन ऑपरेटर म्हणाला, 'साहेब म्हणाले झालं, म्हणजे झालं.' दुसरा म्हणाला, 'मी ब्रेक ओढला असता.' तिसरा म्हणाला, 'तू? तू तर कालच गप्प बसला होतास.' आणि निघाली गोष्ट. लॅडल (वितळलेल्या पोलादाची मोठी बादली) भरताना काहीतरी वेगळं वाटलं होतं, बोलला नव्हता, कारण शिफ्टचा साहेब तापलेला होता. नशिबानं काही झालं नाही. ते तेनेरिफपर्यंत गेलो नसतो तर ही आमची गोष्ट कधी बाहेर आली नसती.

मग उरलेलं सांगितलं. कॅप्टननं ठामपणे हो म्हटलं, इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या हाताखालच्या माणसांना बोलायला आणि कॅप्टनना ऐकायला शिकवणं सुरू केलं.

तर माझं मत, गोष्ट निवडताना एवढंच बघायचं की त्यात एका माणसाला निर्णय घ्यायचा आहे का. असेल तर निर्णयाच्या आधी थांबवायचं. यशस्वी माणसाच्या मुलाखतीत असा थांबा सापडत नाही, कारण तो सगळं झाल्यावर सांगत असतो, आणि शेवट गोड असतो.

शेंद्र्याची_ताई (बुधवार, दुपारी १.३५)

अंगावर काटा आला. ही गोष्ट उद्याच सांगणार आमच्या लाइनवर. 'तू तर कालच गप्प बसला होतास' हे वाक्य म्हणजे अख्खं ट्रेनिंग.

लातूरचा_पण_हिंजवडीत (बुधवार, दुपारी २.१५)

मान्य. सारांशात हा थांबा आला नसता. तरी वेगाचं माझं म्हणणं कायम आहे, मुलाखती दीडपटीनंच ऐकाव्यात.

गोदामाय (बुधवार, रात्री ८.५०)

एवढं सगळं गोड चाललंय म्हणून जरा कडू लिहिते. सावध राहा.

मी आधी ज्या ठिकाणी होते (शहर नाही सांगत) तिथं असंच 'मोकळेपणानं बोला' वर्तुळ होतं. एका सुपरवायझरनं मोकळेपणानं सांगितलं की एकदा दबावाखाली तपासणी न करता त्यानं मालाला 'पास'चा टॅग लावला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इन्क्रिमेंटच्या वेळी साहेबांच्या कागदावर तेच वाक्य होतं. त्यानंतरच्या चर्चेत सगळे हवामानावर बोलायला लागले.

म्हणून आधी ठरवा, खोलीत बोललेलं खोलीबाहेर काय म्हणून जाणार. रेडिओप्रेमींनी सांगितलेला प्रश्न जाऊ द्या प्लांट हेडकडं, माणसाचं नाव जाऊ देऊ नका. आणि शिफ्ट_इन्चार्ज, तुम्ही स्वतः ट्रेनिंगवाले, म्हणजे एचआरचेच. तुम्ही खोलीत बसलात तरी लोक तेच समजणार.

शिफ्ट_इन्चार्ज (बुधवार, रात्री ९.२०)

हे लागलं. पण मग चर्चा चालवणार कोण? सुपरवायझरांमध्ये चालवता येईल असा माणूस दिसत नाही मला.

फिटर_ते_मॅनेजर (बुधवार, रात्री ९.४५)

चालवणारा हुशार नको. प्रश्न विचारणारा पाहिजे. इंग्लंडात रेव्हान्स नावाचे एक गृहस्थ होते, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी कोळसा खाणींच्या मॅनेजरांचे छोटे गट बसवले. बाहेरचा तज्ज्ञ आणला नाही. एकानं आपल्या खाणीतली खरी अडचण मांडायची, बाकीच्यांनी सल्ला न देता फक्त प्रश्न विचारायचे. त्यांचं म्हणणं, शिकणं म्हणजे तयार ज्ञान अधिक प्रश्न. पॉडकास्ट हे तयार ज्ञान. ते सगळ्यांना सारखंच मिळतं. फरक दुसऱ्या भागात पडतो.

आमच्याकडं दर वेळी वेगळा माणूस चालवतो. नियम दोनच. चालवणाऱ्यानं मत द्यायचं नाही, आणि सगळ्यात नवीन माणूस पहिल्यांदा बोलणार. साहेब असलाच तर शेवटी.

हौ_मियाँ (बुधवार, रात्री १०.०२)

सल्ला न देता फक्त प्रश्न? मराठवाड्यात? हे होणे नाही. इथं पंक्चर काढणाऱ्याला पण तीन जण सांगतात पंक्चर कुठं आहे.

निवृत्त_फोरमन (बुधवार, रात्री १०.१५)

फिटर साहेब, तुमच्या पद्धतीला माझा विरोध नाही. वस्ताद जे मशीनपाशी विचारायचे तेच तुम्ही खोलीत विचारायलात. पण खोलीतलं बोलणं खोलीत राहतं हे माझं म्हणणं अजून आहे. शुक्रवारी छान वाक्य म्हणलं, सोमवारी मशीनपाशी परत शिवी. सोमवारी बघायला कोण जातंय?

वॉर्ड_सिस्टर (गुरुवार, सकाळी ८.४०)

काका, तो प्रश्न योग्य आहे. आमच्यात चर्चा संपताना प्रत्येकीनं या आठवड्यात एक गोष्ट करून बघायची असं सांगायचं असतं. मोठी नाही. 'हँडओव्हरला मी आधी ज्युनिअरला बोलू देईन' एवढीच. पुढच्या वेळी चर्चा पॉडकास्टनं सुरू होत नाही, त्या एका गोष्टीनं होते. नाही जमलं तर का नाही जमलं ते सांगायचं. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा नाही जमत, कारण वॉर्डात खाटांपेक्षा पेशंट जास्त. पण 'नाही जमलं' मधूनच चांगली चर्चा होते.

कामगार_चौक (गुरुवार, सकाळी ११.००)

सिस्टर शेवटी मुद्द्यावर आल्या. खाटांपेक्षा पेशंट जास्त, माणसांपेक्षा टार्गेट जास्त. सुपरवायझर शिवी देतो ती त्याला बोलायला येत नाही म्हणून की त्याच्यावर वरून शिवी येते म्हणून? दोन हेल्पर कमी करून लाइन तेवढीच चालवायला लावता आणि मग त्याला संवादकौशल्य शिकवता. पॉडकास्ट हा भरतीपेक्षा स्वस्त पडतो, हे हेड ऑफिसला बरोबर कळलंय.

तेरणाकाठ (गुरुवार, दुपारी १२.२०)

हे खोडता येत नाही. पण माणसं पुरेशी असलेल्या विभागातही शिवी ऐकलीय मी. दोन्ही खरं आहे.

शेंद्र्याची_ताई (गुरुवार, दुपारी १.४५)

कामगार_चौक दादा, आमच्या चर्चेतून पहिला जो प्रश्न वर गेला तो हाच होता. 'जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस द्या, नाहीतर नवीन मुलीला शिकवायला वेळ नाही.' बदली मिळाली. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. त्यावर कुणी समाधानी नाही, पण प्रश्न वर जातो हे सगळ्यांना दिसलं. त्यानंतर बायका बोलायला लागल्या. आधी आम्ही 'चांगला सुपरवायझर कसा असावा' वगैरे बोलायचो, आणि दोघी-तिघीच बोलायच्या.

शिफ्ट_इन्चार्ज (शुक्रवार, रात्री ९.०५)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आज हेड ऑफिसशी बोललो. इंग्रजी यादी बाजूला ठेवायला ते सहज तयार झाले, मला वाटतं त्यांनीही ती ऐकलेली नाही. सध्या ठरलेलं असं.

महिन्यातून दोनदा. प्लांट हेडनी सेकंड शिफ्ट सुरू होताना वीस मिनिटं द्यायचं कबूल केलंय, फर्स्टचं अजून भिजत पडलंय. म्हणजे फर्स्टवाल्यांसाठी कामगार_चौकांचा मुद्दा सुटलेला नाही, आणि तो सुटेपर्यंत फर्स्टची चर्चा सुरू करणार नाही. पहिली गोष्ट तेनेरिफ, फिटर साहेबांच्या थांब्यासकट. दुसरी आमच्याच प्लांटमधली, एका सुपरवायझरनं सांगायची तयारी दाखवलीय, पण आवाज ओळखू येईल म्हणून घाबरायलाय. मी खोलीत बसणार नाही. गटानं एक प्रश्न लिहून बाहेर द्यायचा, खाली कुणाचंही नाव नाही, आणि पुढच्या बैठकीआधी प्लांट हेडनी लेखी उत्तर नोटीस बोर्डावर लावायचं. त्यांनी 'बघू' म्हटलंय.

दोन प्रश्न राहिले. आवाजाचं काय करू? आणि रेकॉर्डिंग किती मोठं असावं? बऱ्याच जणांचा डेटा दिवसाचा संपलेला असतो.

परभणीकर_रेडिओप्रेमी (शुक्रवार, रात्री ९.३०)

'बघू' म्हणजे हो नाही. पहिलं उत्तर बोर्डावर लागल्याशिवाय दुसरी बैठक घेऊ नका.

ज्वारीची_भाकर (शुक्रवार, रात्री ९.३३)

आणि बैठकीला चहासोबत निदान भजी तरी. हॉटेल गेलं, पनीर गेलं, माणसानं किती सोसायचं.

शेंद्र्याची_ताई (शुक्रवार, रात्री १०.१०)

आवाजाचं सोपं आहे. एकाचा प्रसंग दुसऱ्यानं सांगायचा, 'मी' म्हणूनच सांगायचा, पण मशीन नंबर, शिफ्ट आणि महिना बदलून. आम्ही दोघींच्या गोष्टी अदलाबदल करून सांगितल्या, अजून कुणाला पत्ता नाही कुठली कुणाची.

लांबी दहा मिनिटांच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणूनच पाठवा, व्हिडिओ करू नका. तेवढ्या आवाजाला डेटा फारसा लागत नाही. रेकॉर्ड करताना पंखा बंद, आणि कँटीनमध्ये नको. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी आहे.